मुंगीसाठी लिहिलेली दोन पत्रं

३ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं तेव्हा वाटलं, ॲसिडच्या बाटल्यांची यादी हवी असेल. यादी हातात घेऊनच गेलो. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या कधी कुणाला "बसा" म्हणत नाहीत. आज म्हणाल्या, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मार्गदर्शन कक्षातल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे पुढच्या कॉलेजांचे, कोर्सेसचे फॉर्म नेमके याच महिन्यांत भरायचे असतात. "नवीन माणूस मिळेपर्यंत तुम्ही त्या खोलीत बसा. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी तिकडे."

मी म्हटलं, "बाई, मी प्रयोगशाळा सहायक. एकोणतीस वर्षं टेस्ट ट्यूब धुतोय. कॉलेजची पायरी मी स्वतः चढलो नाही, मी कुणाला कसला मार्ग दाखवणार?"

"फॉर्म वाटायचे, गोळा करायचे, तारखा सांभाळायच्या. तारखा तुमच्याइतक्या कुणाच्या डोक्यात राहतात?"

एवढं कौतुक झाल्यावर मी विरघळलो. पाण्यातल्या मिठासारखा विरघळतो मी, ही माझी जुनी खोड. घरी हिला सांगितलं तर ही खो-खो हसत सुटली. "अहो, आपल्या लेकीला कॉलेज निवडायचं होतं तेव्हा 'तुझं तू बघ' म्हणून मोकळे झालात. आता परक्यांच्या लेकरांना सल्ले देणार?"

काही चुकलं तर कुठे चुकलं ते सापडावं म्हणून ही वही सुरू केली आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मार्गदर्शन कक्ष म्हणजे पूर्वीची नकाशांची खोली. दोन खुर्च्या, एक न बंद होणारं कपाट, पाच वर्षांपूर्वीची माहितीपत्रकं, आणि भिंतीवर हेल्मेट घालून उगाच हसणाऱ्या एका तरुणाचं पोस्टर. तो कशाला हसतोय ते पोस्टरवर कुठेच लिहिलेलं नाही.

पहिला मुलगा आला. काय व्हायचंय विचारलं तर म्हणाला, "काहीही." दुसरा आला तो वडिलांना घेऊन. वडीलच बोलत होते, मुलगा पोस्टरकडे बघत होता. तिसरीने विचारलं, "काका, जास्त स्कोप कशात आहे?" स्कोप कशात आहे हे मला कळलं असतं तर मी नकाशांच्या खोलीत कशाला बसलो असतो?

दुपारभर तोंडघशी पडून झाल्यावर मला एक सुचलं. ही मुलं मी दोन-दोन वर्षं बघतोय. चेहऱ्यांपेक्षा त्यांचे हात मला जास्त ओळखीचे आहेत. कोण ब्युरेट काठोकाठ भरतो, कोण प्रयोग झाल्यावर पळतो, कोण बाटलीवरची निघालेली चिठ्ठी पुन्हा चिकटवतो. म्हणून 'काहीही'वाल्याला परत बोलावलं आणि म्हटलं, "तू प्रयोगापेक्षा त्याची आकृती फार मन लावून काढायचास. आठवतंय?" तो चकित झाला. म्हणाला, "ते कुणी बघत होतं?"

मग आम्ही दोघांनी मिळून आरेखनाच्या कोर्सचं पत्रक शोधलं. जुनंच होतं, पण शोधलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मुंगी आली. मुंगी हे नाव मुलींनीच ठेवलंय. चण लहान, आणि सदा काहीतरी वाहून नेत असते: ट्रे, वह्या, दुसऱ्याचं दप्तर. बोलते मात्र मोजून-मापून. तिची आई एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. घरात दोघीच.

तिच्याकडे फॉर्म आधीच होता. मोजमापाची उपकरणं दुरुस्त करण्याचा दोन वर्षांचा कोर्स. तराजू, दाबमापक, रुग्णालयातली यंत्रं. राहण्याजेवणाची सोय संस्थेचीच, जागा फक्त चोवीस. तिची दुसरी निवड काय, विचारलं. म्हणाली, "दुसरी नाही. हा नाही मिळाला तर आईबरोबर स्वयंपाकघरात लागेन. तिथे त्यांनी विचारलंय."

फॉर्मसोबत एक पत्र लागतं. कॉलेजवाल्यांनी स्पष्ट लिहिलंय: 'ज्या व्यक्तीने विद्यार्थ्याला हाताने काम करताना प्रत्यक्ष पाहिले आहे, तिचेच पत्र जोडावे.' मी म्हटलं, विज्ञानाच्या सरांकडून घे.

"सर शिकवतात. बघता तुम्ही."

मी नाकावरचा चष्मा उगाच पुसला. माझ्याकडे पत्र मागणारी ही पहिलीच.

२३ नोव्हेंबर, रविवार

पत्र लिहायला सगळा रविवार गेला. आधी ओळ लिहिली, 'सदर विद्यार्थिनी अत्यंत हुशार, होतकरू व मनमिळाऊ आहे.' ही म्हणाली, "हे तर कुणालाही चिकटवता येईल." खरं होतं. मग उठलो, सरळ शाळेत गेलो, पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली आणि तुटफूट-वही घेऊन आलो.

ही वही माझ्या आधीच्या सहायकांनी सुरू केलेली. नियम एकच. ज्याच्या हातून फुटलं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचं: काय, कधी, कसं, आणि खाली सही. शिक्षा नाही, ओरडा नाही. फक्त लपवायचं नाही, कारण लपवलेली काच शेवटी सफाईच्या मावशींच्या हातात घुसते. माझ्या मते माणूस ओळखायला यापेक्षा चांगलं पुस्तक नाही.

पत्र असं झालं:

'मी या मुलीला दोन वर्षे काम करताना पाहिले आहे. या काळात तिच्याकडून चार वस्तू फुटल्या. दोन टेस्ट ट्यूब, गरम असताना थंड पाण्याखाली धरल्यामुळे. हे पहिल्या महिन्यात. पुन्हा तसे केले नाही. एक थर्मामीटर, टेबलावरून घरंगळला. त्यानंतर तिने घरून सर्व थर्मामीटरना कापडाची गोल कडी शिवून आणली. तेव्हापासून एकही घरंगळलेला नाही. चौथा, काचेच्या पेटीतला तराजू. तिने लिहिलेल्या नोंदीनुसार "घाईत उचलला, हातातून पडला". चारही नोंदी तिने स्वतः केल्या. काम झाल्यावर ती भांडी घेतली त्यापेक्षा स्वच्छ ठेवते. दुसऱ्याचे सांडलेले पुसते आणि त्याबद्दल बोलत नाही. ती कमी बोलते, हा दोष समजू नये.'

काही लपवलं नाही. शांत वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग उठून खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ मैदानाकडे बघत राहिल्या. मैदानात कुणी नव्हतं. पत्र आवडलं नसणार. शेवटी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एक अक्षर बदलू नका. पाठवा."

जाता जाता मी विचारलं, नवीन माणसाचं कुठवर आलं. त्यांनी ऐकलं नाही बहुतेक. ॲसिडच्या यादीचं विचारायला लागल्या.

४ डिसेंबर, गुरुवार

दर गुरुवारी मुलाखतींचा सराव सुरू केलाय. मी टेबलामागे कोट घालून बसतो. कोट लग्नातला आहे. बटणं लागत नाहीत, पण टेबलामागे कळत नाही. मुलं दारातून आत येताना हसतात, पण खुर्चीत बसली की हसू जातं.

आज मला फार बरं वाटलं. 'काहीही'वाला स्वतःहून आला आणि त्याने आरेखनाबद्दल सात मिनिटं सांगितलं. सात! घड्याळ लावून मोजली. निघताना म्हणाला, "थँक यू, काका सर." काका की सर हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

इतकी वर्षं मुलं माझ्याकडे फक्त "काका, मीठ संपलं" असं सांगायला यायची. या वयात हे पदरात पडलं. देव भलं करो त्या बाळंतीणबाईंचं.

६ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून एकच पत्र पुन्हा पुन्हा वाचतोय.

मुंगीच्या कॉलेजचं पत्र आलं. शाळेच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. 'शिफारसपत्रातील प्रामाणिकपणाची समितीने नोंद घेतली. तथापि, सदर अभ्यासक्रम प्रामुख्याने अशाच तराजूंविषयी आहे. घाईने नाजूक उपकरण पाडणाऱ्या विद्यार्थिनीस प्रवेश का द्यावा, याचा लेखी खुलासा वीस तारखेच्या आत न आल्यास मुलाखतीस बोलावता येणार नाही.'

भाषेच्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पत्राची प्रत मागून घेतली, वाचली, आणि कपाळावर हात मारला. "अहो, ही शिफारस आहे की पंचनामा? पोरीचा गळा कापलात तुम्ही!"

एकोणतीस वर्षं खरं लिहिलं की भलंच होतं असं धरून चाललो होतो.

७ जानेवारी, बुधवार

मुंगीला समोर बसवलं. पत्र दाखवलं. तिने वाचलं, घडी घातली, परत दिलं. रडली नाही, माझ्यावर चिडलीही नाही. मला वाटतं चिडली असती तर बरं झालं असतं.

"तू कधी घाई करत नाहीस," मी म्हटलं. "'घाईत उचलला' म्हणजे नेमकं काय झालं? धक्का लागला? हात ओला होता? काहीतरी कारण असेल तर ते लिहू या."

"लिहिलंय ना काका. तसंच झालं."

"अगं, पण कारण..."

"कारण नाही. मीच पाडला." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. मुलगी गुणी आहे, पण हट्टी. स्वतःच्याच भल्याचं तिला कळत नाही, याचा मला रागच आला.

तो दिवस मी आठवून बघितला. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. बाहेरचे परीक्षक यायचे होते, आणि त्याच सकाळी आमच्या हिचं ऑपरेशन. लेकीला हिच्याजवळ बसवून मी शाळेत आलो, कारण कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे. मी आलो नसतो तर परीक्षाच झाली नसती. तराजू ट्रॉलीवर ठेवला आणि रुग्णालयातून फोन आला म्हणून बाहेर गेलो. ऑपरेशन लांबलं होतं. परत आलो तर तराजू खाली, काच सगळीकडे, आणि मुंगी हात धरून उभी. तळव्याला बरंच कापलं होतं. मी पट्टी बांधली. बाकी धूसरच आहे. ट्रॉलीचा ब्रेक लावल्याशिवाय मी वळतसुद्धा नाही, त्यामुळे मुलीने तो उचलला असणार हे उघड होतं. तसा अहवाल मी मोठ्या बाईंना दिला, आणि त्यांनी तो वर पाठवला.

११ जानेवारी, रविवार

खुलासा लिहायला बसलो, चार कागद फाडले. 'तेव्हा ती लहान होती' हे खोटं वाटतं. 'तराजू जुना होता' हे तर सरळ खोटं. ही म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही रुग्णालयात परत आलात तेव्हा दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? ही भाजी निवडायला लागली.

१५ जानेवारी, गुरुवार

आज जे ऐकलं ते ऐकल्या क्रमानेच लिहितो.

सरावाला रेडिओ आली होती. रेडिओ म्हणजे मुंगीची बाकावरची शेजारीण. सकाळी सुरू झाली की शाळा सुटेपर्यंत बंद होत नाही. पत्रकारितेच्या कोर्सला जायचंय तिला. त्या कोर्सच्या नमुना प्रश्नांतला एक मी विचारला: "तू गप्प राहिलीस आणि त्याचं तुला वाईट वाटतं, असा एखादा प्रसंग सांग."

मुद्दाम विचारला होता, थोडी गंमत म्हणून. ही आणि गप्प?

पण ती गप्पच झाली. मग म्हणाली, "खरंखुरं सांगायचं, का सराव म्हणून?"

"खरंखुरं."

"मग काका, तुम्ही कोट काढा आधी."

मी काढला. ती खाली बघून बोलायला लागली. "तुम्ही फोनवर होतात. मुंगी आणि मी, आम्ही दोघीच आत होतो. ट्रॉली आपोआप सरकायला लागली. ब्रेक लावलेला नव्हता, काका. तराजू कडेला आला तशी ती धावली, तिने दोन्ही हातांनी धरला, पण काच फुटून हातात घुसली. तुम्ही आत आलात आणि विचारलंत, 'कुणाच्या हातून?' मी सांगणार होते. तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, 'माझ्या.' नंतर मला म्हणाली, कधी बोललीस तर तुझ्याशी बोलणार नाही."

रेडिओला पाणी दिलं. खरं तर पाणी मला हवं होतं.

एकोणतीस वर्षांत त्या वहीत माझं नाव एकदाही नाही, म्हणून छाती पुढे काढून फिरलो. माझी सेवापुस्तिकाही कोरी करकरीत, एक वाईट शेरा नाही. आणि त्या कोरेपणाखाली ही पोर हाताला पट्टी बांधून उभी होती. वर मी तिच्याच माथी ते पाप मारून, सही-शिक्क्यासकट कॉलेजला कळवलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

शाळा उघडायच्या आधी गेलो. तुटफूट-वहीत त्या नोंदीखाली लिहिलं: 'वरील नोंद चुकीची आहे. ट्रॉलीचा ब्रेक मी लावला नव्हता. तराजू माझ्यामुळे पडला.' सही केली. मुलांना इतकी वर्षं "कर सही, काय होतंय" असं सहज म्हणत आलो. सोपं नसतं ते.

मग दुसरं पत्र लिहिलं. याला खाडाखोड करावी लागली नाही. 'पहिल्या पत्रात मी वहीत असलेले लिहिले. आज घडलेले लिहीत आहे. चूक माझी होती. या मुलीने पडता तराजू वाचवण्याचा प्रयत्न केला आणि दोष स्वतःवर घेतला. मला हे काल समजले. जवळजवळ वर्षभर समजले नाही, याची मला लाज वाटते.'

वही आणि पत्र, दोन्ही मोठ्या बाईंसमोर ठेवलं. त्या म्हणाल्या, "हे गेलं की मला तुमच्या सेवापुस्तिकेत शेरा मारावा लागेल. अहवालावर माझीही सही होती. जूनमध्ये निवृत्त होताय तुम्ही."

"मारा," मी म्हटलं.

त्यांनी पत्रावर शाळेचा शिक्का स्वतःच्या हाताने उठवला. शिपायाला पोस्टात धाडलं तेही माझ्यादेखत.

१९ जानेवारी, सोमवार

मुंगी तडक खोलीत आली. रेडिओने सगळं सांगून टाकलेलं दिसतंय. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? सही माझी होती! आता ते काय म्हणतील, ही मुलगी खोट्या नोंदी करते! तराजू पाडणारी परवडली, खोटं लिहिणारी त्यांना कशाला चालेल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझा भार उतरवला आणि तो पुन्हा तिच्याच डोक्यावर ठेवला. म्हटलं, "चुकलो असेन. पण खोटी नोंद मला पाठवता येणार नव्हती, बाळा."

"पण फॉर्म माझा होता," ती म्हणाली, आणि दार न आपटता निघून गेली. ती कधी दार आपटत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

मुलाखतीला बोलावलंय! चार तारखेला. सोबत एक ओळ: 'पत्रलेखकानेही उपस्थित राहावे.' हिने कोटाची बटणं पुढे सरकवून लावली. आता कोट लागतो. लागला, की श्वास घेता येत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

मुंगी, तिची आई आणि मी सकाळच्या बसने गेलो. आईने रात्रपाळीनंतर झोपच घेतलेली नव्हती. बसमध्ये माझ्याशी एवढंच बोलल्या, "भाऊ, ती रागावली असेल तरी मनात ठेवत नाही." मुंगी खिडकीशी, तोंड बाहेर.

संस्थेत लांबलचक व्हरांडा, लाकडी बाकं, तेलाचा आणि धातूचा वास. मला तो वास लगेच आवडला. आधी मला आत घेतलं. तिघं जण. मधोमध जाड चष्म्याच्या एक बाई, बोटांना काळे डाग. म्हणजे नुसत्या खुर्चीतल्या नव्हेत.

"पहिलं पत्र चुकीचं होतं. दुसऱ्यावर आम्ही का विश्वास ठेवावा?"

सराव घेऊन घेऊन मी मुलांना शिकवलं होतं, थांबा, श्वास घ्या, मग बोला. कोटामुळे श्वास घेता येईना. म्हटलं, "ठेवू नका, बाई. तिच्यासमोर एखादं यंत्र ठेवा आणि ती काय करते ते बघा. मी दोन वर्षं बघूनही मला जे दिसलं नाही, ते तुम्हाला दिसेल."

बाईंनी काही लिहून घेतलं. मला बाहेर पाठवलं, मुंगीला आत. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. आईंनी पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली.

बाहेर आल्यावर मुंगीचा चेहरा कोराच. बसमध्ये बसल्यावर मात्र आपणहून बोलली. "त्यांनी एक बंद पडलेला तराजू दिला. मी आधी फडकं मागितलं. पुसताना कळलं, खाली वाळूचा कण अडकलाय. तो काढला. मग त्या बाई म्हणाल्या, 'आमच्या कामात फुटलेला तराजू चालतो, खोटी नोंद चालत नाही. पुन्हा असं करशील?'"

"मग?" मी आणि आई एकदमच म्हणालो.

"म्हटलं, 'माणसासाठी खोटी सही केली, पण नोंद चुकीची झाली हे खरं. वहीत पुन्हा करणार नाही.'"

आई लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेल्या. मी आपला खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण माझा चेहरा बघण्यासारखा नव्हता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

यादी लागली. चोविसांतलं एकविसावं नाव तिचं.

रेडिओ जिन्यावरून ओरडतच आली, त्यामुळे सगळ्या शाळेला माझ्याआधी कळलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा पडतो. भाषेच्या बाईंनी येऊन माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाल्या, "पंचनामाच, पण चांगला." मोठ्या बाईंनी शेरा मारलेली सेवापुस्तिका दाखवली. त्यांच्या नीटनेटक्या अक्षरात दोन ओळी. वाचल्या आणि खाली सही केली. वाटलं होतं जिवाला लागेल, पण लागलं नाही. नवीन माणसाचं विचारलं तर म्हणाल्या, "जूननंतरही दुपारी येत जा हो, बघू." इतक्या महिन्यांत त्यांना माणूस मिळू नये, कमाल आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगी प्रवेशाचा फॉर्म भरायला माझ्या खोलीत आली. शेजारी बसून एकेक रकाना भरत होती. मला किती दिवस विचारायचं होतं, ते आज विचारलं. "त्या दिवशी तू सही का केलीस?"

तिने पेन थांबवलं नाही. "तुमच्या घरच्यांचं ऑपरेशन चालू होतं. तरी तुम्ही आलात, आमची परीक्षा होती म्हणून. फोन ठेवून आत आलात तेव्हा तुमच्या हातातली किल्ल्यांची जुडी वाजत होती. मला वाटलं, आज यांना अजून एक वाईट बातमी नको."

आयुष्यात माझ्यासाठी कुणी एवढं केलं असेल तर ते हिने, आणि या सतरा वर्षांच्या पोरीने. ते मला जवळजवळ वर्षभर माहीतही नव्हतं. शेवटी म्हटलं, "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. मोठ्याने सांगतोय, ऐक."

"ऐकलं," ती म्हणाली. कानापर्यंत लाल झाली आणि फॉर्मवर वाकली.

शेवटच्या पानावर रकाना होता, 'अडचणीच्या प्रसंगी कोणास कळवावे.' पहिल्या ओळीत तिने आईचं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीत, मला न विचारता, माझं. मग पुढच्या 'नाते' या चौकटीपाशी अडली. "इथे काय लिहू?"

मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, 'घरचा माणूस'. ती हसली. मुंगीला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

फोन नंबर मात्र आमच्या हिचा दिला. माझा कधी लागत नाही.